उद्योजक-मार्गदर्शन, विद्यापीठीय

उद्योजक-मार्गदर्शन, विद्यापीठीय : विद्यापीठात वा महाविद्यालयात शिकत असलेल्या किंवा नुकतेच शिक्षण संपविलेल्या तरुणास स्वतःचा उद्योग उभारताना, उद्योगव्यवसायाचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या व्यक्तीने नियमितपणे, दीर्घकाळ व बहुधा विनामूल्य केलेले साहाय्य. शिक्षक, सल्लागार व धनको यांच्याहून मार्गदर्शकाची भूमिका वेगळी असते. शिक्षक ठरलेला अभ्यासक्रम शिकवितो. सल्लागार शुल्क घेऊन विशिष्ट प्रश्न सोडवितो. धनको भांडवल पुरवितो आणि त्याबद्दल व्याज किंवा उद्योगातील हिस्सा घेतो. मार्गदर्शक ह्यांपैकी काहीच करीत नाही. विद्यार्थी घेऊ पाहत असलेल्या निर्णयाची पैसा गुंतण्यापूर्वी कसून तपासणी करणे, स्वतःच्या ओळखीतील योग्य माणसाशी त्याची गाठ घालून देणे आणि पहिल्या अपयशाच्या वेळी संपर्कात राहणे, एवढीच त्याची कामे होत. मात्र ती करणारा माणूस मिळणे सोपे नसते. इंग्रजीत ह्यासाठी रूढ असलेला ‘मेंटॉर’ हा शब्द होमरच्या ओडिसी ह्या महाकाव्यातील एका पात्राच्या नावावरून आलेला आहे. युद्धावर जाताना ओडिस्यूसने आपला मुलगा टेलेमाकस ह्याला ज्या मित्रावर सोपविले, त्याचे ते नाव होय.

प्रस्तुत नोंदीत ह्या पद्धतीचा विकास थोडक्यात सांगून चंद्रपूर व गडचिरोली ह्या वनजिल्ह्यांत, विशेषतः मुलचेरा तालुक्यासारख्या भागात, तिचे स्वरूप कसे बदलते ह्याचा विचार केला आहे. शहरी अभियांत्रिकी महाविद्यालयांत घडलेली ही पद्धत वनप्रदेशात जशीच्या तशी लागू पडत नाही.

पूर्वपीठिका : भारतातील व्यापारी व कारागीर समाजांत हे कार्य उमेदवारीच्या रूपाने पूर्वापार चालत आले आहे. पेढीवर किंवा कारखान्यात काही वर्षे राबून मालाची पारख, हिशेब व गिऱ्हाईक ह्यांची माहिती करून घ्यावयाची आणि मग जुन्या मालकाच्या पतीवर आपले दुकान थाटावयाचे, असा तो क्रम होता. ज्या कुटुंबांत व्यापार नव्हता, त्यांच्या मुलांना ही वाट बंद होती. महाराष्ट्रात ती उघडण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न पैसा फंडाने केला. अंताजी दामोदर काळे ह्यांच्या कल्पनेतून निघालेल्या व लोकमान्य टिळकांचा पाठिंबा लाभलेल्या ह्या निधीतून तळेगाव दाभाडे येथे १९०८ साली काचकारखाना सुरू झाला. जपान व अमेरिका येथे काचतंत्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय हे त्याचे पहिले प्रमुख. कारखाना हीच शाळा होती आणि तेथे भट्टीवर तयार झालेले तरुण पुढे देशातील निरनिराळ्या काचकारखान्यांत गेले. नफ्यापेक्षा माणसे घडविण्यात ह्या कारखान्याचे खरे यश होते, असे म्हणता येईल.

उद्योजक जन्मावा लागतो, ही समजूत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ढिली झाली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड ह्यांनी १९६४ च्या सुमारास हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेच्या साहाय्याने आंध्र प्रदेशातील काकिनाडा येथील व्यावसायिकांना अल्पमुदतीचे प्रेरणा-प्रशिक्षण दिले. प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या तुलनेत त्यांनी पुढील काळात अधिक व्यावसायिक हालचाल केल्याचे त्यांना आढळले. १९७० पासून गुजरातमध्ये उद्योजकता विकासाचे पद्धतशीर कार्यक्रम सुरू झाले व १९८३ मध्ये अहमदाबाद येथे भारतीय उद्योजकता विकास संस्था स्थापन झाली. महाराष्ट्र शासनाने १९८८ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र उभारले. ह्या सर्व कार्यक्रमांत वर्ग होते, प्रकल्प अहवाल होते, बँकेच्या अधिकाऱ्यांची व्याख्यानेही होती. प्रशिक्षण संपल्यावर विद्यार्थ्याबरोबर चालणारा माणूस मात्र क्वचितच होता.

ही उणीव भरून काढण्याचा भारतातील महत्त्वाचा प्रयत्न म्हणजे १९९२ मध्ये कार्य सुरू केलेला भारतीय युवा शक्ती ट्रस्ट. ब्रिटनमधील प्रिन्सेस ट्रस्ट (१९७६) ह्या संस्थेवरून त्याची प्रेरणा घेतलेली असून जे. आर. डी. टाटा हे त्याचे पहिले अध्यक्ष होते. तारण देऊ न शकणाऱ्या १८ ते ३५ वर्षे वयाच्या तरुणास कर्ज मिळवून देताना त्याच्यासाठी एक मार्गदर्शकही नेमावयाचा, हे त्याचे वैशिष्ट्य. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स तंत्रविद्या संस्थेत २००० साली सुरू झालेल्या मार्गदर्शन सेवेने दोन गोष्टींची भर घातली. एका विद्यार्थ्यास एकच मार्गदर्शक न देता तीन-चार जणांचा गट द्यावयाचा, म्हणजे एकाच्या ग्रहांची दुसऱ्याकडून तपासणी होते. आणि मार्गदर्शकाने आपल्या स्थानाचा आर्थिक लाभ घेऊ नये. हा दुसरा दंडक वरवर साधा दिसतो, पण तो मोडला की मार्गदर्शक व भागीदार ह्यांतील सीमा पुसली जाते आणि विद्यार्थ्यास प्रामाणिक नकार देणारा कोणी उरत नाही.

महाराष्ट्रात मुंबईच्या भारतीय तंत्रविद्या संस्थेतील ‘साइन’ (२००४) आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातील ‘व्हेंचर सेंटर’ (२००७) ही परिपोषण केंद्रे ह्या पद्धतीने चालतात. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियमाने प्रत्येक विद्यापीठात नवोपक्रम, परिपोषण व साहचर्य ह्यांसाठी संचालकाचे पद निर्माण केले, तर २०१८ मध्ये राज्याचे नवउद्यम धोरण जाहीर झाले. परिणामतः जी गोष्ट पूर्वी एखाद्या उत्साही प्राध्यापकाच्या आवडीवर अवलंबून होती, ती विद्यापीठाचे वैधानिक कर्तव्य बनली.

परिणामकारकता : मार्गदर्शनाचा उपयोग होतो काय, ह्या प्रश्नाचे उत्तर प्रशंसापर लेखांतून मिळते तितके सरळ नाही. ट्युनिशियात २००९-१० ह्या शैक्षणिक वर्षापासून पदवीच्या अंतिम वर्षातील विद्यार्थ्यांना नेहमीच्या प्रबंधाऐवजी उद्योगाची योजना तयार करण्याची मुभा देण्यात आली. त्यांच्यासाठी वर्ग घेण्यात आले आणि खाजगी क्षेत्रातील व्यक्तींचे वैयक्तिक मार्गदर्शनही पुरविण्यात आले. काटेकोर तुलनेनंतर असे दिसले, की स्वयंरोजगार करणाऱ्यांचे प्रमाण थोडेसे वाढले. पण एकूण रोजगारात फरक पडला नाही आणि काही वर्षांत ही अल्पशी वाढही ओसरली. दुसरा प्रयोग केन्यातील नैरोबी शहराच्या डँडोरा ह्या वस्तीतला असून त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथे लहान व्यवसाय करणाऱ्या तरुण स्त्रियांपैकी काहींना वर्गातील प्रशिक्षण, तर काहींना त्याच वस्तीतील यशस्वी व्यावसायिक स्त्रियांचे मार्गदर्शन देण्यात आले. वर्गांचा नफ्यावर परिणाम दिसला नाही. मार्गदर्शन लाभलेल्या स्त्रियांचा नफा मात्र सरासरीने सु. २० टक्क्यांनी वाढला. ह्याचे कारण लक्षणीय आहे. ह्या मार्गदर्शिकांनी व्यवस्थापनाची तत्त्वे शिकविली नव्हती, तर माल स्वस्त कोठे मिळतो व कोणता पुरवठादार भरवशाचा, हे सांगितले होते. भेटी थांबल्या तसा लाभही कमी होत गेला.

दोन्ही प्रयोग एकत्र वाचले असता मार्गदर्शकाची कीर्ती किंवा त्याच्या उलाढालीचा आकार ह्यांपेक्षा विद्यार्थ्याच्या बाजारपेठेशी त्याची असलेली जवळीक अधिक महत्त्वाची ठरते. मुलचेऱ्यासारख्या ठिकाणी ह्या निष्कर्षाला विशेष अर्थ आहे.

वनजिल्ह्यांतील परिस्थिती : २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. मुलचेरा हा त्याच्या दक्षिण भागातील लहान तालुका आहे. गोंड व माडिया ह्यांच्याबरोबर पूर्व पाकिस्तानातून (आताच्या बांगला देशातून) येऊन पुनर्वसित झालेल्या बंगाली कुटुंबांचीही येथे मोठी वस्ती आहे. त्यामुळे एकाच आठवडी बाजारात गोंडी, माडिया, बंगाली, मराठी व काही प्रमाणात तेलुगू ऐकू येते. कर्जाचे कागद मात्र मराठीत किंवा इंग्रजीत असतात. तालुक्यात लोहमार्ग नाही. भातशेती, मासेमारी, भाजीपाला व वनोपज ही उपजीविकेची मुख्य साधने होत. उच्च शिक्षणाच्या दृष्टीने हे दोन्ही जिल्हे २०११ पर्यंत नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत होते. त्या वर्षी त्यांच्यासाठी गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले. बांबू, मोह, मध यांसारख्या स्थानिक साधनांवर आधारलेल्या कौशल्यांसाठी तेथे विज्ञान व तंत्रज्ञान संसाधन केंद्र कार्य करते. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे २०१४ पासून बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे.

येथील विद्यार्थी बहुधा घरातील पहिला पदवीधर असतो. त्याच्या घरी कष्ट, जंगलाचे ज्ञान व बाजाराचा अनुभव असतो. नसते ती उधारीवर माल देण्याघेण्याची पत. पोलीस भरती किंवा स्पर्धा परीक्षा ह्यांकडे त्याचा कल असणे स्वाभाविक आहे, कारण पगार हे कुटुंबाच्या दृष्टीने एकमेव खात्रीचे उत्पन्न असते. त्याला ह्यापासून परावृत्त करणे हे मार्गदर्शकाचे काम नव्हे. भरतीची तयारी करीत असतानाच लहान प्रमाणात व्यवसाय करून पाहणारा विद्यार्थी पुढे शासकीय सेवेत गेला, तरी ते मार्गदर्शनाचे अपयश मानता येत नाही. नोंदणी झालेल्या कंपन्यांच्या संख्येवर केंद्रांचे मूल्यमापन करण्याच्या प्रघातात ही गोष्ट बसत नाही, हा त्या प्रघाताचा दोष होय.

कच्चा माल व त्याची मालकी : शहरातील मार्गदर्शक वनप्रदेशात प्रथम चुकतो तो येथे. जंगलात मोह, चारोळी, हिरडा, बेहडा, तेंदूपाने व बांबू विपुल असल्याने ‘स्थानिक कच्च्या मालावर प्रक्रिया’ ही कल्पना त्याला सहज सुचते. परंतु हा माल बेवारस नाही. पंचायत (अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार) अधिनियम, १९९६ आणि वनहक्क अधिनियम, २००६ ह्यांनी गौण वनोपजावर ग्रामसभा व वनहक्कधारक ह्यांचे अधिकार मान्य केले असून दुसऱ्या अधिनियमात बांबूचाही समावेश गौण वनोपजात आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ह्या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला व २०११ मध्ये तेथील ग्रामसभेने स्वतः बांबू विकण्यास प्रारंभ केला. पुढील वर्षांत जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा तेंदूपानांची विक्री स्वतः करू लागल्या. ज्या गावात असा हक्क आहे, तेथे विद्यार्थ्याचा पहिला करार गिऱ्हाइकाशी नसून स्वतःच्या गावाशी असतो.

ही बाब न समजता दिलेला सल्ला हानिकारक ठरू शकतो. शिकलेल्या मुलाने बाहेरच्या व्यापाऱ्यासाठी गावातून माल गोळा करावयाचा आणि त्याला उद्योजक म्हणावयाचे, असे घडले, तर जुन्या दलालाची जागा नवा दलाल घेतो. फरक एवढाच, की नवा दलाल गावचाच असल्याने त्याला विरोध करणे गावाला अवघड जाते. त्याचा व्यवहार फसला तर गावाचा जो विश्वास जातो, तो नंतर येणाऱ्या विद्यार्थ्यांनाही परत मिळत नाही.

ह्याउलट, ग्रामसभांच्या वाढत्या व्यवहारांतूनच सुशिक्षित तरुणांना व्यवसायाच्या संधी मिळू शकतात. तेंदूपानांचा हंगाम एप्रिल अखेरीपासून जूनच्या प्रारंभापर्यंत चालतो. महाराष्ट्रात ७० पानांचे एक पुडके व १,००० पुडक्यांची एक प्रमाण गोणी धरतात. रोज शेकडो घरांची पुडकी मोजून घ्यावयाची, प्रत्येकाचे नाव मांडावयाचे, मजुरी व लाभांश खात्यात जमा करावयाचा आणि वर्षाअखेर हिशेब तपासून घ्यावयाचा, हे काम वाणिज्य शाखेच्या पदवीधरास व्यवसाय म्हणून करता येईल. वजनमापे, वाहतुकीची जुळवणी, गोदाम, लिलावाची कागदपत्रे ह्यांनाही तेच लागू आहे. वस्तूच्या निर्मितीकडे लागलेल्या केंद्रांच्या नजरेस ह्या सेवा सहसा पडत नाहीत.

मोहफुलांच्या बाबतीत कायद्याचे भान आणखी आवश्यक आहे. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. त्यामुळे मोहापासून मद्यनिर्मितीची अन्य राज्यांतील उदाहरणे येथे निरुपयोगी ठरतात. फुलांचे संकलन व वाहतूक ह्यांवरील निर्बंध राज्य शासनाने २०२१ मध्ये शिथिल केले. लाडू, सरबत, मुरंबा यांसारखे पदार्थ करावयाचे, तर अन्नसुरक्षाविषयक नोंदणी लागते.

मार्गदर्शनाची पद्धती : पहिल्या भेटीत कर्जाचा अर्ज भरावयास घेणारा मार्गदर्शक टाळावा, असा अनुभवी केंद्रांचा कटाक्ष असतो. प्रारंभी विद्यार्थ्यास गिऱ्हाइकाकडे पाठविले जाते. गिऱ्हाइकाने ‘चांगली कल्पना आहे’ असे म्हणणे हा पुरावा नसतो. पैसे मोजून घेतलेला पहिला नग हा पुरावा असतो. नंतर हिशेब येतो आणि तेथे विद्यार्थ्याच्या अपेक्षा व वस्तुस्थिती ह्यांतील अंतर उघड होते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. विद्यार्थी हंगामात मोहफुले ४० रु. किलोने घेऊन पावसाळ्यात ६० रु. किलोने विकू इच्छितो. किलोमागे २० रु. सुटतात, तेव्हा १०० किलोंवर २,००० रु. मिळतील, असा त्याचा हिशेब. प्रत्यक्षात खरेदीस ४,००० रु. लागले. साठवणीत १० किलोंची घट आली. उरलेल्या ९० किलोंचे ५,४०० रु. झाले. वरच्या १,४०० रुपयांतून वाहतुकीचे ६००, पोत्यांचे ३०० व निवडणावळीचे ४०० रु. वजा जाता १०० रु. उरतात आणि भांडवल चार महिने अडकून पडते. घरच्या माणसांनीच निवडण केले, तर ४०० रु. ‘वाचतात’, पण ती नफ्यात धरावयाची नसून मजुरी होय, हे पटवून देणे मार्गदर्शकाला सर्वांत कठीण जाते. ही आकडेमोड विद्यार्थ्याने स्वतः करणे आवश्यक असते. मार्गदर्शकाने करून दिलेला हिशेब बँकेत चालतो, बाजारात चालत नाही.

हिशेब टिकला, तरच भांडवलाचा विचार करावयाचा. पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रम (२००८) आणि राज्याचा मुख्यमंत्री रोजगारनिर्मिती कार्यक्रम (२०१९) ह्यांतून अनुदानासह कर्ज मिळू शकते. पहिल्यात ग्रामीण भागातील अनुसूचित जमाती व अन्य विशेष प्रवर्गांना अनुदान प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के असते. अनुदानाचा आकडा मोठा असल्याने प्रकल्पही मोठा आखण्याचा मोह होतो. यंत्र मिळते, खेळते भांडवल अपुरे पडते आणि यंत्र झाकून ठेवावे लागते. ह्या प्रसंगी ‘यंत्र आताच घेऊ नका’ असे सांगणारा माणूस आवश्यक असतो. तो बँकेचा, यंत्रविक्रेत्याचा किंवा उद्दिष्टपूर्तीच्या दडपणाखाली असलेल्या कार्यालयाचा असून चालत नाही.

एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथील लोहखनिज उत्खनन व चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथील पोलाद प्रकल्प ह्यांमुळे वाहनदुरुस्ती, उपाहारगृहे, गणवेश शिवणे अशी पूरक कामे निर्माण होऊ लागली आहेत. अशा पुरवठ्यात एकाच गिऱ्हाइकावर विसंबण्याचा धोका असतो व देयके उशिरा मिळतात. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म व लघू पुरवठादारास जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, न मिळाल्यास बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज देय होते. हे कलम ठाऊक असणे आणि ते मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध कधी वापरू नये हे कळणे, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली पुस्तकातून मिळते. दुसरीसाठी मार्गदर्शक लागतो.

मार्गदर्शकांची निवड : नागपूर, पुणे वा मुंबई येथील उद्योजक दूरध्वनी व दृक्‌श्राव्य माध्यमांद्वारे उपलब्ध होऊ शकतात आणि दूरच्या बाजारपेठा, वेष्टन, प्रमाणपत्रे ह्यांबाबत त्यांचे साहाय्य मोलाचे असते. तथापि डँडोराच्या अनुभवानुसार गटात निदान एक जण तरी आसपासचा हवा. तो मोठा उद्योजकच असला पाहिजे असे नाही. भातगिरणीचा मालक, मत्स्यबीजाचा व्यवहार करणारा बंगाली शेतकरी, बचतगटाचा हिशेब वर्षानुवर्षे चोख ठेवणारी स्त्री, निवृत्त बँक अधिकारी किंवा तेंदू हंगाम सांभाळलेला ग्रामसभेचा सचिव ह्यांना कोणता व्यापारी वेळेवर पैसे देतो व आष्टीहून निघालेली गाडी पावसाळ्यात कोठे अडते, हे ठाऊक असते. स्वतःला मार्गदर्शक म्हणवून घेण्याचे त्यांच्या मनातही येत नाही, म्हणून विद्यापीठाने त्यांना शोधून काढावे लागते. प्रवासखर्च व मानधन देताना त्यांची पदवी विचारणारे नियम ह्या आड येतात.

सल्ला व निर्णय ह्यांची फारकत कशी करावी, ह्याचा नमुना ह्याच जिल्ह्यात आढळतो. मेंढा (लेखा) येथे एखाद्या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी ‘अभ्यासगट’ बसतो. त्यात ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे जाणकारही सहभागी होत असत. कायदा, आकडे व पर्याय ह्यांची चर्चा तेथे होते. निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीने घेते आणि बाहेरच्या जाणकाराला त्यात मत नसते. देवाजी तोफा व त्यांचे सहकारी ह्यांनी बांबूविक्रीचा व्यवहार हाती घेतला, तो अशा दीर्घ अभ्यासानंतर. विद्यार्थी-उद्योजकासाठी हा नमुना अद्याप पद्धतशीरपणे वापरला गेलेला नाही. गोंडवाना विद्यापीठाच्या कक्षेतील महाविद्यालयांत त्या धर्तीवर गट बनविल्यास, गावाच्या मालावर उभा राहणारा प्रत्येक प्रस्ताव बँकेपूर्वी ग्रामसभेपुढे मांडण्याची सोय होऊ शकेल.